सोनेगाव ते चांदा, गाडी आपली

हॉटेलच्या काउंटरवर मी अकरा वर्षं बसलो. रजिस्टरात पाहुण्यांची नावं लिहिली, गावं लिहिली, यायची-जायची वेळ लिहिली. किस्से मात्र कुठेच लिहिले नाहीत. आज नावं सगळी विसरलो आणि किस्से मात्र जागचे हलायला तयार नाहीत! एकाला बोलावलं की चार जण येऊन बसतात. आता तुम्ही चहा सांगितलाच आहे तर ऐका.

हे सगळं ऐंशीनंतरच्या सालांतलं. चंद्रपूरला, म्हणजे आमच्या चांद्याला, खाणी आणि वीजकेंद्रामुळे दिल्ली-मुंबईचे साहेब यायला लागले होते. विमान उतरायचं नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर. तिथून आमचं हॉटेल दीडशे किलोमीटर. पण आमच्या शेठजींनी हॉटेलच्या लेटरहेडवर छापून टाकलं होतं, 'विमानतळावरून वाहनाची सोय'. वाचणाऱ्याला वाटायचं, विमानतळ हॉटेलच्या मागच्या गल्लीतच आहे.

पहिल्याच आठवड्यात एका साहेबांचा ट्रंककॉल आला. "मी एअरपोर्टवर उतरलोय. हॉटेल किती लांब आहे?"

"साडेतीन तास, साहेब."

"अरे बापरे! चालत?"

"नाही साहेब, अ‍ॅम्बॅसिडरनं!"

*

आमच्याकडे गाड्या दोनच. एक पांढरी अ‍ॅम्बॅसिडर, ती चालवायचा सुखदेव, भद्रावतीकडच्या खेड्यातला. दुसरी मॅटाडोर, ती चालवायचा मल्लन्ना, पार खाली सिरोंचाचा, तेलुगू बोलणारा. कोणत्या पाहुण्याला कोणती गाडी पाठवायची, की रेल्वेनं या म्हणायचं, की सरळ एसटी धरा म्हणून सांगायचं, हे ठरवायचं काम माझं. मी कुरखेड्याकडचा, धानाच्या बांधीत वाढलेला पोरगा. विमान मी फक्त मान वर करून पाहिलेलं. पण विमानातून उतरलेल्या माणसानं पुढे कसं जायचं, हे मी ठरवायचो! आईला हे सांगितलं तेव्हा तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं.

*

एकदा राव नावाचे साहेब येणार होते. सुखदेव नावाची पाटी घेऊन उभा. विमानातून दोन राव उतरले! दोघेही म्हणाले, "मीच राव." दोघांनाही चांद्यालाच जायचं होतं. सुखदेवनं दोघांना मागच्या सीटवर बसवलं आणि आणलं.

काउंटरवर रजिस्टर उघडलं, तर आमच्याकडे बुकिंग एकाच रावांचं. दुसऱ्यांचं बुकिंग बसस्टँडजवळच्या दुसऱ्या हॉटेलात होतं. शेठजी माझ्या कानाशी आले. "वामन, आता आलाच आहे तर ठेवून घे!" माझाही हात चावीकडे गेला, खोटं कशाला बोलू.

सुखदेव दारातच उभा होता. तो पाहुण्यांदेखत म्हणाला, "नाई शेठ. गाडीत मी चुकीनं बसवलं, खोलीत तुमी जानूनबुजून बसवसान!"

आणि दुसऱ्या रावांची बॅग उचलून, त्यांना गाडीत घालून दुसऱ्या हॉटेलच्या दारात सोडून आला. शेठजी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

चार महिन्यांनी त्याच दुसऱ्या रावांची तार आली. तारेत मोजून चार शब्द. "गाडी सुखदेवची. खोली कोणतीही."

*

मल्लन्नाची गोष्ट वेगळी. त्याला तेलुगू यायची, माडिया यायची, मराठी-हिंदी कामापुरती. इंग्रजीचा गंध नाही. आणि एकदा खाणीतलं मशीन जोडायला परदेशातला इंजिनिअर आला. अ‍ॅम्बॅसिडर गॅरेजमध्ये होती, म्हणून नाइलाजानं मल्लन्नाला पाठवलं. शेठजी दिवसभर काउंटरपुढे फेऱ्या मारत होते. "साडेतीन तास दोघं मुक्यासारखे येतील. काय इज्जत राहील आपली?"

मॅटाडोर आली तीच हसण्याच्या आवाजासकट. गोरा साहेब पुढच्या सीटवर, मल्लन्नाच्या खांद्यावर हात! मल्लन्नानं उतरता उतरता मला सगळी माहिती दिली. साहेबाला दोन मुली आहेत, धाकटी हट्टी आहे, त्याचा डावा गुडघा दुखतो, रात्री हलकं जेवण द्या.

मी विचारलं, "मल्लन्ना, तुम्ही बोललात तरी कोणत्या भाषेत?"

"मी तेलुगूत, तो त्याच्या बोलीत. इंग्रजी दोघालेही नीट येत नव्हती, मंग अडचनच नाई आली!"

*

पुढचा किस्सा मला सुखदेवनं नाही, खुद्द पाहुण्यानं काउंटरवर उभं राहून सांगितला. म्हणून तो शंभर टक्के खरा.

ऑगस्ट महिना. आदल्या दिवशी मी ट्रंककॉलवर साहेबांना सांगितलं होतं, "रेल्वेनं या, पावसाचं काही खरं नाही." साहेब म्हणाले, "गाडीच पाठवा." पाठवली. वाटेत एका नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे नाल्यातूनच जाणाऱ्या सिमेंटच्या रस्त्यावरून, पाणी चाललं होतं. सुखदेवनं गाडी थांबवली. साहेब मागून म्हणाले, "फूटभर पाणी आहे. चल!"

सुखदेवनं इंजिन बंद केलं, चावी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "पानी उतरू द्या साहेब. मंग जाऊ."

"मला संध्याकाळी मीटिंग आहे!"

"मीटिंग उद्या बी होते."

साहेब तापले. खाली उतरले. नाल्याकडे बोट दाखवून ओरडले, "पाण्यातलं तू मला शिकवतोस? मी कोण आहे माहीत आहे का तुला? मी पुलांचा इंजिनिअर आहे, पुलांचा! वीस वर्षं झाली!"

सुखदेवनं शांतपणे नाल्याच्या या काठाकडे पाहिलं. मग त्या काठाकडे पाहिलं. मग हात जोडून विचारलं,

"मंग साहेब, पूल कुठी हाय?"

*

चांद्याजवळ एक छोटी धावपट्टीही होती. तिथे कधीमधी एखाद्या कंपनीचं चिमुकलं विमान उतरायचं. एकदा असेच मुंबईच्या एका कंपनीचे मोठे साहेब न कळवता उतरले. फोन आला, "गाडी पाठवा." दोन्ही गाड्या नागपूरच्या रस्त्यावर! हॉटेलसमोर एकटा गणपत सायकलरिक्षावाला. मी त्याला म्हटलं, "गणपतभाऊ, इज्जतीचा सवाल आहे."

तो म्हणाला, "इज्जतीचा हाय न? मंग सीट पुसून घेतो."

साहेब रिक्षा पाहून लालबुंद झाले, पण बसले. अर्ध्या वाटेत चढ लागला. गणपत उतरला आणि म्हणाला, "साहेब, उतरा. चढ हाय." साहेब उतरले. थोडं पुढे गेल्यावर गणपतनं मागे वळून पाहिलं, तर टायवाले साहेब रिक्षाला मागून धक्का देत होते!

हॉटेलात आले ते घामाघूम, पण हसत. बैठकीला वेळेवर पोचले. मी धावत बाहेर जाऊन गणपतला विचारलं, "काही बोलले का रे?"

"काई नाई. मानूस कामाचा हाय. ढकलाले शिकवा नाई लागलं!"

*

दिल्लीचे एक अधिकारी होते. गाडीतून उतरले तेच कुरकुरत. रस्ता खराब, ऊन फार, साडेतीन तास म्हणजे काय चेष्टा आहे! सुखदेव त्यांचं सामान उतरवत होता. तो म्हणाला, "माह्या बापाले चार दिवस लागले होते, साहेब. याच रस्त्यानं. पायी."

साहेब थांबले. "कुठे जायला?"

"नागपूरले. छप्पन साली. दीक्षेले."

साहेब स्वतःची बॅग स्वतः उचलून वर गेले.

ते गेल्यावर मी सुखदेवला विचारलं, कारण माझ्या मनात ते कधीचं होतं. "सुखदेवभाऊ, नागपूरनंतर दोनच दिवसांनी चांद्यातही दीक्षा झाली. तुमचे वडील थांबले असते तर एवढं चालावं लागलं नसतं."

सुखदेव डिकी लावत म्हणाला, "दोन दिवस काऊन थांबतीन, वामनभाऊ? हजारो वर्सं थांबलेच होते न!"

*

मुंबईच्या एक प्राध्यापक बाई मार्कंड्याची देवळं पाहायला आल्या होत्या. विमानतळावरून फोन केला. "टॅक्सी, रेल्वे की एसटी? काय चांगलं?" मी म्हटलं, आमची गाडी निघते आहे. त्या म्हणाल्या, "नको, एसटीनं येते. माणसं दिसतात."

सुखदेव गाडी पुसून तयार होता. त्याला हे फार लागलं. बाई आल्या, तर यानं थेट विचारलं, "बाई, माह्या गाडीत मानसं दिसत नाई का? मी कोन हाय?"

बाई खळखळून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून चार दिवस त्या सुखदेवच्या गाडीनं मार्कंड्याला गेल्या, पुढच्या सीटवर बसून. वैनगंगेच्या काठी उन्हात त्या एकेका मूर्तीपुढे उभ्या राहायच्या, हा त्यांच्या डोक्यावर छत्री धरायचा आणि त्या बोलतील ते ऐकायचा.

दोन वर्षांनी पुण्याचे एक विद्वान आले. सुखदेव त्यांनाही मार्कंड्याला घेऊन गेला. संध्याकाळी ते परतले ते चक्रावलेले. मला म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर मला मूर्तीच्या हातातलं आयुध ओळखून दाखवतो! एका खांबावर कारागीर कुठे चुकला तेही त्यानं दाखवलं!" आणि सुखदेवकडे वळून विचारलं, "कोणतं पुस्तक वाचलंत हो?"

"पुस्तक नाई साहेब," सुखदेव म्हणाला. "बाई!"

*

आता हा शेवटचा. हा सांगितल्याशिवाय मी उठत नाही.

भामरागडकडच्या एका गावातलं नाचाचं पथक दिल्लीला गेलं होतं. सहा बाया, चार पुरुष. म्होरक्या चैतूदादा, साठीचा, सडपातळ, कमी बोलणारा. पहिलं बक्षीस मिळालं आणि सरकारनं सगळ्यांना विमानानं परत पाठवलं. सत्कार आमच्या हॉटेलच्या हॉलमध्ये, दुपारी चार वाजता. मोठे अधिकारी येणार होते. त्यांनी चैतूदादासाठी एक पांढरी कार सोनेगावला पाठवली. बाकीच्यांसाठी आमची मॅटाडोर.

विमानतळाबाहेर कारचं दार उघडून माणूस उभा. चैतूदादानं विचारलं, "दहा जन नाचलो. एकटा काऊन बसू?"

"तुमच्याकडे बक्षिसाची ढाल आहे ना, म्हणून."

"मंग ढालीले बसू द्या," चैतूदादा म्हणाला. त्यानं ती चकचकीत ढाल कारच्या मागच्या सीटवर नीट ठेवली, दार लावलं आणि ढोल घेऊन मल्लन्नाच्या शेजारी जाऊन बसला.

चारला पाच मिनिटं असताना कार हॉटेलपुढे आली. बँड वाजला, साहेब हार घेऊन पुढे झाले, दार उघडलं. आत एकटी ढाल!

साडेचार झाले. पाच झाले. मे महिन्याचं ऊन, हार सुकायला लागले. साहेबांचा चेहरा तर त्याआधीच सुकला होता. शेठजी माझ्याकडे असे पाहत होते की जणू मीच दहा जणांना कुठे लपवून ठेवलं आहे.

सहाच्या सुमारास मॅटाडोर आली. मल्लन्नाचा शर्ट घामानं आणि मातीनं भरलेला. मी धावलो. त्यानं घाईघाईनं मला सांगितलं.

वरोऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी आस मोडून कलंडली होती. आत बाळंतपणाच्या कळा देणारी बाई, शेजारी रडणारी सासू. पांढरी कार पुढे होती, ती काचा लावून निघून गेली. चैतूदादानं मल्लन्नाच्या हातावर हात ठेवला. गाडी थांबली. बाईला आडवं निजवायला जागा हवी म्हणून चारही पुरुष ढोल घेऊन खाली उतरले आणि पळसाच्या सावलीत उभे राहिले. नाचातल्या सहाही जणी तिला धरून वरोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. मल्लन्ना माघारी फिरून पुरुषांना घेऊन आला. मग कोणी हलायलाच तयार होईना. आत काय झालं ते कळेपर्यंत सगळे व्हरांड्यात बसून राहिले.

"मंग?" मी विचारलं.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत."

मी हे शेठजींना सांगायला वळलो, तोवर पथक हॉलमध्ये गेलंही होतं. साहेबांनी हार घातला, फोटो निघाला. पण दोन तासांचा राग त्यांच्यानं गिळवला नाही. सगळ्यांसमोर ते चैतूदादाला म्हणाले, "दादा, एवढं तुम्हाला विमानात बसवून आणलं. विमान वेळेवर उतरलं होतं ना? मग?"

चैतूदादानं ढोल खाली ठेवला.

"इमान साजरं होतं, साहेब," तो म्हणाला. "पन वाटेत कोनाले घेत नाई."