डॉक्टरांच्या नावाचा अभ्यास

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी तीस वर्षांपूर्वी पुस्तक मिटलं, ते कायमचं. परवाना टिकवायचा तर दर पाच वर्षांत ठरावीक तास नवं शिकावं लागतं. व्याख्यान असलं की हे महाशय सही ठोकायचे, जेवणाच्या रांगेत पहिले उभे राहायचे आणि हात पुसत घरी. पुढे व्याख्यानं संगणकावर आली, तेव्हा तेही त्यांनी दवाखान्यातल्या सिस्टरांच्या गळ्यात मारलं. नुसतं चालू ठेवा, शेवटी प्रश्न येतात तेवढे उरकून टाका, म्हणाले.

सिस्टरांना नुसतं उरकणं जमत नव्हतं. ड्रेसिंगच्या पट्ट्या कापता कापता त्या ऐकायच्या, अडलेलं जुन्या रिपोर्टांच्या पाठीवर टिपायच्या. प्रमाणपत्रं अर्थात डॉक्टरांच्या नावाची.

गेल्या वर्षी घसा सुजला म्हणून मी भावाला तिथे नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी मागितली. गोळी! गिळायला घसा मोकळा होता कुठे?

"सर, ॲड्रेनॅलिन. मांडीत, आत्ता," सिस्टर म्हणाल्या.

"हृदय बंद पडेल त्याचं. तुम्ही मला शिकवणार?"

"तुमच्याच परीक्षेत होतं हे."

पुढे त्यांनी परवानगीची वाट पाहिली नाही. सुई दिली, भावाला आडवं करून पाय उशीवर ठेवले, मला ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली. डॉक्टर कोपऱ्यात उभे राहून चष्मा पुसत होते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत भावाचा श्वास पुष्कळ मोकळा झाला होता.

इस्पितळात डॉक्टर माझ्या आईला सांगत होते, "मी वेळेवर निर्णय घेतला म्हणून वाचला." आईनं त्यांना हात जोडले. मला शरमेनं मेल्यासारखं झालं.

पंधरा दिवसांत सिस्टरांना काढलं. कारण काय, तर डॉक्टरांना न विचारता औषध दिलं. मी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. त्यांनी कळवलं की डॉक्टरांचे शिक्षणाचे तास पूर्ण आहेत, उलट दहा जास्तच भरतात. असल्या माणसाला भिंतीवरच्या कागदांनी तारलं.

सिस्टर आता मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात असतात. मी भेटायला गेले, तर डॉक्टरांचं नावही त्यांनी काढलं नाही. भावाच्या खिशात त्या इंजेक्शनच्या ॲलर्जीची चिठ्ठी असते का, एवढंच विचारलं. नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिली.