ताईच्या हक्काचा ओटा

माझ्या थोरल्या बहिणीची मुक्ती मी सिमेंटमध्ये केली.

ताईचे पाय चालत नाहीत. पिंपरी पेंढारला व्हीलचेअरवर बसून ती पाण्याच्या मोटरींचं वायंडिंग करते. टेबलाखाली गुडघे जात नसत, म्हणून दिवसभर हात लांबवून काम करायची आणि खांदे दुखायचे. मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेलो. (घरात वह्या कमी, पत्रकंच जास्त.) कामाची सोयीची जागा हा उपकार नव्हे, हक्क आहे, असं जाहीर करून मी खालून पोकळ असा ओटा बांधायला काढला.

"आधी माझ्या खुर्चीचं माप घे," ताई म्हणाली.

"माणसाला मापात बसवायचं नाही, ताई. व्यवस्था बदलायची."

"मग व्यवस्थेचं माप कुठनं घेणार?"

माझ्या गुडघ्यांवरून घेतलं.

गवंड्याचा हात मोऱ्या बांधण्यात बसलेला. त्यानं सवयीनं जमिनीला ओट्याकडं उतार दिला. "पाणी साचाया नको." मोटरीच्या दुकानात कसलं पाणी? पण श्रमिकाच्या निर्णयात मी ढवळाढवळ करत नाही!

उद्घाटनाच्या सकाळी लोणीचे एक शेतकरी जळालेली मोटर टेम्पोत घालून आले. "ताई, सांजच्याला चालू पायजे. कांदा सुकतोय."

मी नारळ फोडून भाषण सुरू केलं. ताईला घाई. तिनं ब्रेक सोडला मात्र, खुर्ची घरंगळत ओट्याखाली घुसली आणि खुर्चीचे हात स्लॅबखाली पाचरीसारखे अडकले.

मी मागून खुर्ची ओढली. लोणीकरांनी मला ओढलं. खुर्ची हलेना.

"चाकातली हवा सोडा," ताई म्हणाली. "भाषणातलीबी."

हवा सोडली. खुर्ची बोटभर खाली बसली.

"आता मागं कुणी थांबू नका."

ताईला चढावर एकटं सोडणं मला तत्त्वतः मान्य नव्हतं. मी खुर्ची धरून ठेवली. ताईनं दोन्ही चाकांना असा हिसका दिला, की खुर्ची सपाट चाकांनिशी चढ चढून आली आणि मी वाळूच्या ढिगावर उताणा. कमरेत काहीतरी कटकन् वाजलं.

"लागलं का रं?" तिनं विचारलं, आणि उत्तराआधीच गवंड्याची फळी खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायला लावली. मोटर अगदी पोटाशी आली, कोपरं अंगाशी राहिली. नव्या तारांच्या वेटोळ्यांना तिनं व्हार्निश पाजलं आणि संध्याकाळी मोटर गुरगुरली.

लोणीच्या वाटेवर दवाखाना आहे, म्हणून मलाही टेम्पोत मोटरीशेजारी आडवं घातलं. पहिल्याच खड्ड्याला मी कण्हलो. लोणीकरांनी काळजीनं मागं वळून पाहिलं.

"हलू नका, पावणं. व्हार्निश ओलं हाय."