हाडाखालचा राखणदार

ड्रेसरकाका जखम बघायच्या आधी पट्टी हुंगत. सोडलेली पट्टी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि मग म्हणायचं, "बरी आसा". कधी नुसतंच "हं". ते "हं" ऐकलं की घरातले पुढे सरकून जखमेत डोकावायचे. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तीस वर्षं ड्रेसरची, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधायची, नोकरी करून ते आमच्या गावी, मसुऱ्याला परत आले होते. त्यांचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल, गावाला ड्रेसरकाका पुरेसे होते.

तोंडाने फटकळ. कोयता लागलेल्या पायावर कुणी हळद थापून आला, की सगळ्यांसमोर विचारायचे, "उसळ करूची होती काय रे?" पण शिव्या देत देतच ते पितळेच्या टोपात चिमटा उकळत ठेवायचे आणि घड्याळात वीस मिनिटं झाल्याशिवाय त्याला हात लावायचे नाहीत. तोवर मागचापुढचा सगळा उद्धार होऊन जायचा.

त्यांना समजावून सांगायची मोठी हौस होती. समोरच्याच्या रोजच्या कामातला दाखला द्यायचे. शेतकऱ्याला सांगायचे, पू म्हणजे कोपऱ्यात तुंबलेलं पाणी, वाट करून दिली की जातं. आपलं बोलणं समोरच्याला पटलं की स्वतःवरच खूश होऊन तपकिरीची चिमूट ओढायचे. मला ती हौस आवडायची. मी तेव्हा डी.एड. करत होते आणि शिकवायचं ते असं, हे मनाशी ठरवून टाकलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझ्या ताईच्या हृदयाची झडप मुंबईला बदलली. एकोणीस वर्षांची पोर, छातीचं हाड मधोमध कापलेलं. सर्जन परदेशात शिकून आलेले. छाती बंद करताना त्यांनी हाडाखाली औषधात भिजवलेली स्पंजासारखी चकती ठेवली होती. आत जंतू वाढू नयेत एवढंच तिचं काम. काही आठवड्यांनी ती आपोआप विरघळणार होती. टाके काढून ताईला घरी आणलं तेव्हा जखमेचं खालचं टोक तेवढं भरायचं राहिलं होतं. त्याची पट्टी काकांकडे आली.

आईला त्या चकतीची धास्ती बसली. लेकीच्या छातीत परकी वस्तू राहिली म्हणून तिचा डोळ्याला डोळा लागेना. काकांनी तिला समोर बसवलं आणि म्हणाले, "वयनी, डॉक्टरान हाडाखाली राखणदार बसयलो हा. महिनोभर थंय बसान राखण करतलो, मगे आपसूक जातलो." आईचा चेहरा एकदम निवळला. त्या दिवशी ती पोटभर जेवली. काकांनीही तपकीर जरा जास्तच ओढली.

आठवड्याने ताईला ताप भरला. काकांनी पट्टी सोडली, हुंगली आणि "हं"सुद्धा म्हणाले नाहीत. जखमेच्या कडा लाल झाल्या होत्या आणि मधे काहीतरी राखाडी चिकटलेलं होतं. हे कुणी लावलं, असं त्यांनी विचारलं. आई पुढे झाली. वेशीवरच्या राखणदाराला, गाव राखणाऱ्या देवाला, तिने नारळ ठेवला होता आणि तिथला अंगारा आणून, काका गेल्यावर पट्टी उचलून जखमेवर लावला होता.

"तुमीच सांगलात ना, राखणदार बसयलो हा म्हणान," ती म्हणाली. "मगे तेका मान नको?"

आता काकांच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून आम्ही भिंतीला लागून उभे राहिलो. काका मात्र चिमटा उकळायला ठेवून टोपाकडे बघत बसले. वीस मिनिटं झाली तरी उठले नाहीत, मीच त्यांना घड्याळ दाखवलं.

बाबांनी पोस्टातून मुंबईला फोन लावला. सर्जन म्हणाले, गोळ्या बदला, दोन दिवसांत उतार पडला नाही तर घेऊन या. ताईला एसटीत बसवून घाट चढवायचा, या धास्तीने बाबा गोळ्यांची एकही वेळ चुकू देत नव्हते. काका दिवसातून तीनदा यायचे. जखमेतला अंगारा कणकण धुऊन काढायचे. दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला. घाण वरच्यावरच राहिली होती, हाड शाबूत होतं. हाडाखालच्या औषधाने आपलं काम चोख केलं असावं, असं सर्जननी पुढे सांगितलं.

तेव्हापासून काकांनी दाखले देणं सोडलं. आता सांगून झालं की ते विचारत, "काय समाजलं, सांग बघया." समोरच्याकडून बरोबर उत्तर येईपर्यंत सायकलवर बसत नसत. मी पस्तीस वर्षं वर्गात तेच केलं.

शेवटची पट्टी काढली त्या दिवशी आईने लाडू केले होते. काका लाडवाला शिवले नाहीत. ताईच्या खाटेपुढे उभे राहिले आणि सत्तरीच्या त्या फटकळ माणसाने तिला हात जोडले. म्हणाले, "बाये, अंगारो तुझ्या आयशीन लायल्यान नाय. माझ्या तोंडान लायल्यान. माका माफ कर."

ताई रडायला लागली. आईने पदर तोंडाला लावला.

पुढे काका मुलाकडे पुण्याला गेले आणि तिथेच वारले. तिथून आलेल्या त्यांच्या प्रत्येक पत्रात ताईची चौकशी असायची आणि "चूक माझी होती" हेही असायचं. आई ते पत्र माझ्याकडून वाचून घ्यायची आणि म्हणायची, "तेंका लिव, चूक माझी." मी तसं लिहायचे.