आत्याचा काटा आणि आईची पुरचुंडी

देवाला न भिणारी माणसं मी पाहिली आहेत, पोलिसाला न भिणारी पाहिली आहेत, बायकोला भीत नाही असं चारचौघांत सांगणारीही पाहिली आहेत. पण माझ्या आत्याच्या काट्याला न भिणारं माणूस तेव्हाच्या औरंगाबादेत मला एकही भेटलं नाही. माझं तर बोलायलाच नको. मी मुळातच भित्रा. कुत्रं भुंकलं तर रस्ता बदलणारा, आणि कुत्रं गप्प बसलं तर ते का गप्प आहे या काळजीनं रस्ता बदलणारा.

आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. छावणीत एका खोलीत एकटी राहायची. तिचं काम लहान पोरांची तपासणी करायचं, म्हणजे वजन, लांबी आणि दंडाचा घेर. काटा म्हणजे घड्याळासारखी गोल तबकडी, वर अडकवायला आकडा आणि खाली पोराला बसवायची चड्डीसारखी झोळी. हा संसार खांद्यावरच्या पिशवीत घालून ती वस्त्यावस्त्यांत फिरायची आणि जिथं लिंबाची फांदी किंवा दाराची कडी दिसेल तिथं टांगायची. आधी रिकामी झोळी लावून सुई शून्यावर आणायची, मग दोन किलोचं लोखंडी माप लावून काटा खरं बोलतो का बघायची, आणि मगच पोराला हात लावायची. झबलं, टोपरं, वाळे, करदोडा, सगळं उतरवायचं. बुटकी असल्यामुळे स्वतः पाटावर उभी राहायची, कारण तबकडी डोळ्याच्या रेषेत नसली तर वाचलेलं वजन खोटं, असा तिचा नियम. पोर रडत असलं तर ती थांबून राही. किती वेळ? शांत होईपर्यंत. "रडत्या पोराला वजन नसतं," ती म्हणायची, "नुसते हेलकावे असतात."

पोरांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, वजनं राहत. लग्नाच्या पंगतीत ती एखाद्या बाईला हटकून विचारायची, "ते साडेसहा किलो कुठंय? खातंय का नीट?" लांबी मोजायला तिनं छावणीतल्या सुताराकडून एक फळी करून घेतली होती. एकानं पोराचं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं गुडघे सरळ करायचे. दुसरा माणूस ती जागेवर पकडायची. माझ्या चुलतबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा शेजारचं पोर तपासायचं राहिलं होतं म्हणून तिनं मुलाच्या वडिलांनाच खाली बसवलं. हातात पोह्यांची बशी असलेला तो सभ्य माणूस पोराचं डोकं धरून बसला. घाबरून जरा ढिला पडला तर आत्या म्हणाली, "डोकं सोडू नका पाहुणे, लग्नाचं नंतर बघू." लग्न जमलं. त्या घरी अजूनही आमच्या आत्याचं नाव निघालं की सासरेबुवा हात जागच्या जागी धरतात म्हणे.

या काट्याला भीत नसे ती एकटी आत्या, आणि सगळ्यांत जास्त भीत असे ती माझी आई. आमचं घराणं मूळचं कन्नडकडचं, मेंढरं राखणारं. आमच्यात मेंढरं मोजत नसत. संध्याकाळी वाड्यात शिरताना म्हातारी माणसं नुसती नजर फिरवायची आणि कोणतं मागं राहिलं ते ओळखायची. आकडा तोंडातून काढायचा नाही, काढला की कळपाला दृष्ट लागते. आई माहेरची पाचोडकडची, तिथंही तोच रिवाज. आता ज्या घरात मेंढरू मोजत नाहीत त्या घरात नात झोळीत टांगून तिचं वजन मोठ्यानं सांगायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. माझ्या मुलीच्या, पमीच्या, कमरेला आईनं जन्मापासून एक काळी पुरचुंडी बांधली होती. त्यात बिब्बा, वेखंड, मीठ आणि आणखी काय काय. आत्यानं ती सोडायला सांगितली, आई सोडीना. नणंद-भावजय दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवटी तोड निघाली, आणि आत्यानं आयुष्यात दिलेली ती एकच सवलत असावी: पुरचुंडीचं वजन दवाखान्यातल्या औषधाच्या तराजूवर एकदा करून घ्यायचं आणि दर महिन्याला पमीच्या वजनातून तेवढं वजा करायचं.

ते दिवस वाईट होते. एकीकडे चिकलठाण्याला कारखान्यांची भोंग्यावर भोंगे देण्याची चढाओढ लागलेली; मीही तिथं नट-बोल्ट बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटलो होतो आणि दर महिन्याला पगार आणताना खिशावर हात ठेवून चालत होतो. दुसरीकडे विद्यापीठाच्या नावावरून शहर धुमसत होतं. आज मोर्चा, उद्या बंद, परवा कुठं जाळपोळ झाल्याची बातमी. घरं जळालेली माणसं खेड्यांतून निघून शहरातल्या नातलगांकडे आली होती, एका खोलीत तीन-तीन बिऱ्हाडं. आत्या त्या वस्त्यांत रोज जायची. सांगायची, "बाया रात्री कपडे घालूनच निजतात, पळायला लागलं तर म्हणून. पोरं दूध ओढीत नाहीत." मी कामावरून येताना बसमध्ये खिडकीची जागा धरत नसे, दगड येईल म्हणून; आणि मधली जागा धरली की पळता येणार नाही म्हणून घाम फुटे.

त्यात पमीचं पोट बिघडलं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. पोर गप्प गप्प झाली. रडायची थांबली तर मी म्हणालो, गुणी झाली. बायको माझ्याकडं नुसतं बघायची. पण महिन्याच्या महिन्याला आत्या यायची, झोपाळ्याच्या कडीला काटा टांगायची, आई स्वतः पमीला झोळीत बसवायची, आणि एक खेप सोडली तर सुई दर वेळी थोडी पुढं गेलेली असायची. काटा ठीक म्हणतोय म्हटल्यावर आम्ही काय बोलणार? त्या घरात काट्याच्या वर न्यायालय नव्हतं.

फक्त आत्याच गप्प होत चालली. दंडाची रंगीत पट्टी पमीच्या हाताला लावली की हिरव्याची पिवळ्यावर, म्हणजे धोक्याकडं, येत होती, आणि फळीवर पोर वाढायचं थांबलं होतं. काटा एक सांगत होता, बाकी सगळं दुसरंच. तेव्हा आत्याला जी शंका आली ती तिच्या स्वभावाला धरूनच आली: आपला काटा बिघडला. दोन किलोच्या मापावर भरवसा उरेना, म्हणून गुलमंडीवरच्या किराणा दुकानांत जाऊन त्यांची मापं टांगून पाहिली. काटा बरोबर. मग तिला वाटलं आपले डोळे गेले. डोळे दाखवून आली. डोळे बरोबर. मी छावणीत तिच्याकडं गेलो तेव्हा ती काटा मांडीवर घेऊन बसली होती. एवढी धास्तावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हणाली, "बाळ्या, हा खोटा असंल तर मी आजवर किती पोरं ठीक म्हणून घरी धाडली?"

आणि मग एका सकाळी, शहर बंद असताना, ती चालत आमच्याकडं आली. नाक्यावर शिपायानं पिशवी अडवली होती. आत आकडा, लोखंड, साखळी. त्याला ते हत्यारच वाटलं. हे काय म्हणून विचारल्यावर आत्यानं सांगितलं, "पोरांचं वजन करायचा काटा. तुमचं करायचं तर म्हशीचा लागंल." त्यानं सोडलं. हसत सोडलं की भिऊन, हे तिलाही सांगता आलं नाही.

नेहमीसारखी सुई शून्यावर आणली, माप लावलं. बरोबर. आईनं पमीला बसवलं. सुई पुढं गेली. आत्या पाटावरून खाली उतरली आणि जे तिनं कधी केलं नव्हतं ते केलं: पोरीला झोळीतून काढून नुसत्या हातांवर घेतलं. डोळे मिटले. आमच्या आज्याची माणसं कोकरू असंच घ्यायची. बराच वेळ तशीच उभी राहिली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"हाताला हलकी आहे," ती म्हणाली. "वहिनी, पुरचुंडी सोडा."

आई जागची हलली नाही. बायकोनंच पुढं होऊन गाठ सोडली. शहाबादी फरशीवर खण्ण आवाज झाला आणि बिब्ब्या-वेखंडाबरोबर भलेमोठे नट घरंगळत गेले. एक माझ्या पायाशी येऊन थांबला. मी ओळखला. आमच्या कंपनीतले बाद नट; गच्चीवर वाळवणाचं फडकं उडू नये म्हणून मीच आईला आणून दिले होते. दर महिन्याला एक, असे ते पुरचुंडीत गेले होते.

आई भिंतीला टेकून खाली बसली. "एका खेपेला पोरगी भरली न्हाई, वन्सं," ती म्हणाली. "काटा बघून तुमचं तोंड कसं झालं ते मी बघितलं. तसं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं मला. म्हणलं, काट्यानं सांगितलं की खरं व्हतंय. त्याला कळूच द्यायचं न्हाई."

मी आत्याचा आवाज चढायची वाट बघत डोळे मिटून घेतले. आवाज आलाच नाही. तिनं पमीला पुन्हा झोळीत बसवलं, या वेळी एकटीला. पाटावर चढली, सुई थांबेपर्यंत थांबली, आणि आकडा मोठ्यानं न सांगता माझ्या बायकोच्या कानात सांगितला. मग म्हणाली, "चला."

रिक्षा नव्हत्या, बस नव्हत्या. बंद दुकानांच्या मधून आम्ही दवाखान्याकडं निघालो: पुढं आत्या, मागं पोरीला पदराखाली घेतलेली बायको, तिच्या मागं आई, आणि सगळ्यांत मागं, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थबकणारा मी. नाक्यावर तोच शिपाई होता. त्यानं पिशवीकडं बघितलं, बायकोच्या पदराकडं बघितलं, आणि काही न विचारता दवाखान्याच्या फाटकापर्यंत आमच्याबरोबर चालत आला.

पमी वाचली. दवाखान्यात बरेच दिवस काढले, आणि मग एका दुपारी ती अशी रडली की सारा वॉर्ड जागा झाला. तो आवाज ऐकून आत्या कधी नव्हे ते पोर शांत व्हायची वाट न बघता हसत बसली. पुढच्या महिन्यापासून वजनाच्या आधी आई स्वतः पुरचुंडी सोडून नणंदेच्या तळहातावर ठेवायची आणि वजन झालं की पुन्हा बांधायची. आकडा मात्र आत्या तिला कधी सांगत नसे. नुसती मान हलवायची, आईला तेवढं पुरे.

याला आता किती वर्षं झाली. विद्यापीठाच्या कमानीवर नाव आलं, आमची कंपनी वाळूजला गेली, पमीचं लग्न झालं. आत्याला मात्र म्हातारपणी एक दुखणं लागलं, ज्यात माणूस हळूहळू उतरत जातं. दवाखान्यात दर खेपेला तिला काट्यावर उभी करत. नर्सबाई पोरसवदा, शाल-चपलांसकट उभी करायची. आत्या शाल काढायची, चपला काढायची, हातातल्या बांगड्यासुद्धा उतरवायची, आणि वाकून आकडा स्वतः वाचायची. दर वेळी तो कमी असायचा. परत येताना रिक्षात तिला भीती वाटते आहे हे मला कळायचं, कारण त्या विषयात माझा हात धरणारा कोणी नाही.

शेवटच्या एका खेपेला आई हट्टानं बरोबर आली. आत्याची शाल, चपला, बांगड्या उतरल्या. ती काट्यावर चढणार, तेवढ्यात आईनं आपल्या कमरेला खोचलेली काळी पुरचुंडी काढून तिच्या ओच्यात सारली. चांगली जड होती. नर्सबाई म्हणाली, आजी, ते काय आहे, खाली ठेवा.

आत्यानं ओच्यावर हात ठेवला. पुरचुंडी चाचपली. तिला आतलं सगळं कळलं.

"असू दे गं," ती म्हणाली, आणि तशीच काट्यावर चढली. सुई थांबेपर्यंत थांबली, मग नेहमीसारखी वाकून, डोळ्याच्या रेषेत आणून तिनं आकडा वाचला.

"वहिनी," ती आईकडं बघून म्हणाली, "या खेपेला भरलं की हो जरा."