लेकराच्या पोटातला स्पंज

आमच्या घरचे अमरावतीले कॉलेजात शिपाई होते. मेलेल्या जनावरायच्या बरण्या पुसाचं काम त्यायच्याकडं. एक दिवस कपाट साफ केलं अन् फेकाले काढलेला वाळका स्पंज घरी घेऊन आले, म्हणे लेकराचं आंग पुसाले बरा. भोकंच भोकं त्याले. मले वाटलं, झाडाचं काही असन.

हे हासले. "अवो, जनावर हाये ते. समुद्रात पान्याखाली गुहा रायतात, उजेडाचा थेंब नाई, तिथं खडकाले चिपकून रायते. ना तोंड, ना डोये. भोकाइतून पानी आत घेते, बाहीर सोडते, त्यातच पोट भरते त्याचं. तुकडा तोडला तं तुकड्याचाबी नवा स्पंज होते. सर पोराइले शिकवत होते, म्या आयकलं."

"मंग घरात काहून आनलं बाप्पा?"

"तुले चावन का ते?" म्हणे, अन् गेले.

मी चवथी शिकलेली, समुद्र कधी पायला नाई. पन ते तुकड्याचं डोक्यात बसलं.

लेकराले दात येऊन रायले होते, दिसन ते चावे. भर उन्हाळ्याची दुपार. मी चुलीवरचं वरन उतरवाले उठली, पलटून पायतो तं स्पंजाचा कोपरा गायब, अन् लेकरू तोंड हालवून रायलं! बोट घातलं, काहीच नाई. गियलं त्यानं!

सासू धावत आली. "पानी पाज वो, पानी पाज!"

"नका पाजू! पान्यानंच तं वाढते ते!"

"काय वाढते?"

काय सांगू? लेकराचं पोट म्हनजे अंधारच, ओलंच, त्याले अजून काय पायजे? लेकरू रडून रडून लाल झालं, ओठ सुकले, पदर ओढे, तरी मी पाजलं नाई.

"माय हायेस का कोन?" सासू ओरडली. "उन्हानं मारतं का त्याले?"

तशीच लेकरू उचललं अन् अनवानी पयत सुटली. डांबर पायाले चिकटे. दवाखान्यात डाक्टरनीच्या पुढं सारं एका दमात सांगतलं, गुहा बी सांगतली.

तिनं पोट दाबून पायलं, लेकराची जीभ पायली, अन् माझ्याकडं पायलं. "बाई, तो स्पंज कधीचा मेलाय. शीच्या वाटेनं पडेल. पण हे मूल तहानेनं जाईल. आधी पाज. इथंच, माझ्यासमोर."

बाकड्यावर बसून पाजलं. लेकरू घटघटा पेत होतं, अन् हरेक घोटाले माझा जीव खालीवर.

दुसऱ्या दिवशी निंगाला तुकडा. मी काडीनं उलटून पायला. फुगला होता. भिजून फुगला का वाढून?

"आता कॉलेजातल्या सरले बलावतं का पाहाले?" सासू म्हणे. "निंगालं ना? झालं!"

"सारंच निंगालं का पन?"

सासूनं कपायाले हात लावला. लेकरू पुन्हा पदर ओढून रायलं होतं. मी त्याले पाजाले घेतलं, अन् दुसरा हात त्याच्या पोटावर ठेवून बसली.