पांढरं झुरळ आणि माझं प्लास्टर

साळवी सरांची आणि माझी पहिली भेट महाडच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. सर पहिल्या वर्षाच्या पोरांनाही 'अहो' म्हणत, आणि त्याचीच आम्हांला भीती वाटे. पण टेबलावरच्या किड्याबद्दल बोलू लागले की सर स्वतःच थक्क होत, अन् आम्ही डबा खायचं विसरत असू.

दुसऱ्या वर्षी मी पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत बांधावरून पडले. पायाचं हाड मोडलं. प्लास्टर काढायची तारीख आली, ती आईनं सरळ टाळली. प्लास्टर जितकं राहील तितका पाय भक्कम होईल, अशी तिची समजूत. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. रोज डोंगर उतरून एसटी धरायची. पायानं दगा दिला तर शिक्षणच संपलं, या धास्तीनं मी खाटेला चिकटून बसले.

मी कॉलेजात दिसेना, म्हणून एका सकाळी सर चौकशी करत वाडी चढून आले. हातात बरणी, बरणीत झुरळ. आई म्हणाली, "सर, आमच्याकडं काय कमी हायत?" सर मनमुराद हसले.

झुरळ नुकतीच कात टाकून पांढरंफटक पडलं होतं. शेजारी त्याची कात, मिशांसकट अख्खी. सरांनी ती आईच्या तळहातावर ठेवली. किड्याचा सांगाडा बाहेर, स्नायू त्याला आतून धरलेले. तो सांगाडा वाढत नाही, म्हणून वाढायचं तर तोच फोडून बाहेर यायचं, श्वासनळ्यांचं अस्तरसुद्धा मागं टाकून! सांगताना सरांचा आवाज अगदी खाली आला होता. आपली हाडं मात्र आत, जिवंत. मोडली तरी आतल्या आत सांधतात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्लास्टर म्हणजे तुमचं हाड नव्हे. त्यानं नुसतं हलू दिलं नाही. जोडलंत ते तुम्ही."

सर दुपारभर थांबले. आमच्यात बसून भाकरी खाल्ली. पांढरं झुरळ डोळ्यांदेखत तपकिरी होत गेलं. आई एकटक बघत होती. देवाची काय करणी, एवढंच म्हणाली, आणि उद्या दवाखान्यात जाऊ, असं तिनंच ठरवलं.

प्लास्टर निघालं. पाय काटकुळा, सुरकुतलेला. हाड जुळलंय, उभ्या राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला धीर होईना. आईनं माझा हात घट्ट धरला होता. तो तिनंच सोडला.

"ठेव गो पाय. हाड आत हाय."

मी पाऊल टाकलं.

आज मीही प्राणिशास्त्र शिकवते. सरांना पंचाहत्तरावं वर्ष लागलंय. सर, आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. माझ्या शंका काही संपलेल्या नाहीत, आणि आपल्या दारापर्यंत मी चालत येऊ शकते.