सर मला तापवायचे, मी तिला तापवलं

"तुझी माय आमच्या वावरात निंदायला येते. वाकून वाकून तिची पाठ गेली. तुला बी तेच करायचंय. तुमच्या लोकायला दुसरं येतं काय?"

सर हे बोलले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. भोकरदनचं मैदान, तालुक्याची खो-खोची फायनल. अर्धी मॅच झाल्ती अन् आमची केदारखेड्याची शाळा तीन गुणांनी मागं होती. सरांनी अकरा पोरींना गोल बसवलं अन् मला मधात उभं केलं. मला वाटलं आता डाव समजावून सांगतील. सरांनी माझी माय काढली.

एक पोरगी हसली. ती सरांची पुतणी. बाकीच्या खाली माती बघत होत्या. माय त्या टायमाला खरंच सरांच्याच वावरात होती, कपाशीत. तिला काय माहीत, इकडं तिची पाठ मैदानात मांडली म्हणून.

मी पळाले. चार जणींना बाद केलं. आम्ही जिंकलो. ट्रॉफी हातात घेऊन सर सगळ्यायला सांगत होते, "तवा तापल्याशिवाय भाकर फुगत न्हाई. तापवली की पळते ही."

तवापासून त्याला नाव पडलं, तापवणं. दर मॅचच्या आधी. पुतणीच्या पाठीवर थाप अन् ग्लुकोज. मला माय. कधी माय, कधी आमची वस्ती, कधी माझा काळा रंग. मी जिंकत गेले अन् सरांची खात्री पटत गेली. खरं सांगते, माझी बी पटली.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली न्हाई. त्या फायनलनंतर दर मॅचच्या आधी मला उलटी व्हायची. पाण्याच्या टाकीमागं जायचं, ओकायचं, तोंड धुवायचं अन् मैदानात यायचं. मला वाटायचं, मोठ्या खेळाडूंना असंच होत असंल. माय विचारायची, सर कसे हायेत? मी म्हणायचे, "लई जीव लावतात." मंग मायनं एकदा टोपलीभर बोरं सरांच्या घरी नेऊन दिली. मी तिला अडवलं न्हाई. ते अजून टोचतं.

पुढं मी शिकले, खेळाचीच शिक्षिका झाले. परतूरच्या एका शाळेत बारा वर्षं झाली मला. शिट्टी गळ्यात आली अन् मी बी तापवायला लागले. कोणाला बाप, कोणाला वजन, कोणाला दहावीत नापास झालेला भाऊ. पोरी रडत रडत पळायच्या अन् मी म्हणायचे, बराबर, असंच पाहिजे. पालक खुश, मुख्याध्यापक खुश. कडक मॅडम म्हणून नाव झालं. त्या नावाची मला चटक लागल्ती.

अश्विनी माझ्याकडं आली तेव्हा आठवीत होती. आमच्याच समाजाची पोरगी. तिची माय मंगल कार्यालयात भांडी घासते, लग्नसराईत तर सकाळपासून पार अंधार पडेस्तोवर. पोरगी बारीक, बोलायला कमी, पण पायात वीज. दोन वर्षांत ती माझ्या टीमचा कणा झाली.

तिची एक सवय होती. खो-खोत पाठलाग करणाऱ्या टीमच्या आठ जणी एका ओळीत चौकोनांत बसतात. मागून पाठीला हात लागून 'खो' ऐकू आला तरच उठायचं, आधी उठलं की फाउल. अश्विनी तिच्या चौकोनात बसली की नखानं मातीत तीन बारीक रेघा मारायची. समोरून पळायला तिघी येतात, त्यांच्या तीन. एकेका रेघेवर बोट ठेवायचं, एकेक श्वास सोडायचा. बास, एवढंच. मंग मान वर.

मला ते नाटक वाटायचं. जादूटोणा करून राह्यली का, म्हणून मी तिला चिडवायचे बी.

गेल्या हिवाळ्यात जालन्याला जिल्ह्याची मॅच होती. पहिल्या डावात आम्ही मागं पडलो. मधल्या सुट्टीत मी पोरींना गोल बसवलं. अश्विनीला मधात उभं केलं.

"तुझी माय लोकांचं खरकटं काढते. वाकून वाकून तिची पाठ गेली. तुला बी तेच करायचंय. आपल्या लोकायला दुसरं येतं काय?"

मी हे ठरवून बोलले न्हाई. बोलताना कुठून आलं ते बी कळलं न्हाई. ती माझ्याकडं बघत होती. रडली न्हाई. दुसरी एक पोरगी फिसकन हसली, तेवढं मी ऐकलं.

डाव सुरू व्हायला अश्विनी चौकोनात जाऊन बसली. नखानं रेघा मारल्या. मी ओळीच्या बाजूनं सूचना देत चालले होते. जाता जाता बुटानं तिच्या रेघा पुसून टाकल्या. म्हणलं, "नाटकं बंद. पळ."

शिट्टी झाली. दोन मिनिटं गेली असतील. कोणी खो दिला न्हाई, कोणी पाठीला हात लावला न्हाई, अन् अश्विनी उठली. पंचांनी फाउलची शिट्टी मारली. ती थांबली न्हाई. चालत, अजिबात न पळता, मैदानाच्या रेघेबाहेर आली. माझ्यासमोर आली.

"मॅडम, माझ्या मायला मधात आणायचं न्हाई," ती म्हणाली.

चपला हातात घेतल्या अन् अनवाणीच गेटाबाहेर गेली. आम्ही हरलो.

मला लाज वाटली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आल्ता. परतीच्या गाडीत ती मागच्या सीटवर खिडकीकडं तोंड करून बसल्ती अन् मी पुढं बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते, टीमला दगा दिला, शिस्त न्हाई, अशा पोरींच्या मागं जीव काढून काय फायदा. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना तेच सांगितलं अन् टीमच्या यादीतून तिचं नाव माझ्या पेनानं कापलं. आडवी रेघ मारली.

दीडेक महिन्यानं जालन्यात क्रीडाशिक्षकांचं शिबिर होतं. विषय, खेळाडूची मानसिक तयारी. मी गेले ते सक्तीचं होतं म्हणून. पुढच्या रांगेत हार घालून कोण बसलं होतं? सर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, केस पांढरे झाले, पण बसणं तेच.

छत्रपती संभाजीनगरहून मानसशास्त्राच्या एक मॅडम आल्त्या. भाषण केलं न्हाई. सगळ्यांना एकेक कागद दिला. म्हणाल्या, "दोनच गोष्टी लिहा. शेवटच्या मॅचच्या आधी तुम्ही एखाद्या खेळाडूला काय बोललात, शब्दाला शब्द. अन् तो खेळाडू मॅचच्या आधी स्वतःहून काय करायचा."

दुसरं सोपं होतं, आधी तेच लिहिलं. मातीत तीन रेघा, तीन श्वास. मॅडम माझ्या बाकाशी थांबल्या, वाचलं अन् म्हणाल्या, "हे तिला कोणी शिकवलं?"

म्हणलं, "कोणीच न्हाई."

"लई हुशार पोरगी हाये मंग. घाबरलेलं मन जागेवर आणायची तिनं स्वतःची रीत काढलीय. लोकांना हे शिकवायला आम्हाला महिने लागतात. याला कधी हात लावू नका."

मी मान हलवली. मी तर बूट लावला होता.

मंग पहिलं लिहायला घेतलं. तुझी माय. वाकून वाकून. तुला बी तेच. लिहिता लिहिता पेन थांबला. हे मी ऐकलेलं होतं. निंदायच्या जागी खरकटं, अन् 'तुमच्या'च्या जागी 'आपल्या'. बाकी सगळं भोकरदनच्या मैदानातलं. इतकी वर्षं मी ते वाक्य पोटात सांभाळून ठेवलं अन् आमच्याच एका पोरीला नेऊन दिलं. सर तरी वरून बोलत होते. मी तर शेजारी बसून बोलले.

जेवणाआधी सरांना दोन शब्द बोलायला उठवलं. बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर आली.

"ही बघा. ही माझ्या हातची. दर मॅचला हिला तापवायचो मी. उभी रहा गं. सांग सगळ्यायला."

माझे पाय आपोआप उभे राह्यले. बारा वर्षं नोकरी, घरात दोन लेकरं, अन् सर म्हणले उठ की उठले.

"सर," मी म्हणलं, "तुमच्या तापवण्यानं मला दर मॅचच्या आधी उलटी व्हायची. तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, होतं तेवढं. पण जिंकलीस ना?"

"जिंकले, कारण दोन वर्षं गिरजा नदीच्या वाळूत दोन काठ्या रोवून रोज पहाटे एकटी पळाले. तुम्ही कधी बघायला आल्ते? माझी मेहनत तुम्ही तुमच्या शिवीच्या नावावर करून टाकली."

कोणीतरी खाकरलं. सर हसायला लागले. "आजकाल सगळेच नाजूक झालेत."

मी कागद उघडला अन् वाचला. अश्विनीला बोललेलं, शब्दाला शब्द. म्हणलं, "हे वाक्य सरांचं होतं. आता माझं हाये. मी ते पंधरा वर्षांच्या पोरीला बोलले अन् ती मैदानातून उठून गेली. मी उलटी करून खेळत राह्यले. ती उठली. मानसिक तयारी कोणाची पक्की होती ते तुम्हीच ठरवा."

अन् सरांनी 'बस' म्हणायच्या आधी मी बसले.

बाहेर चहाच्या टेबलाशी दोघीतिघी म्हणाल्या, बरं बोललात. मला काही बरं वाटलं न्हाई. सर आता म्हातारे झाले होते, माझ्या नोकरीला हात लावू शकत नव्हते. त्यांना बोलायला कसली छाती लागते? ज्या वयात बोलायचं त्या वयात मी मायला बोरं घेऊन जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी अश्विनीच्या घरी गेले. तिच्या मायनं दारातच "जयभीम मॅडम, या" म्हणून हात पुसत खुर्ची पुढं केली. म्हणाली, "पायाला मार लागला म्हणून खेळ सोडला म्हणे पोरीनं. तुम्ही लई जीव लावला तिला. ती सांगती ना."

मी अश्विनीकडं बघितलं. ती चुलीपाशी उभी, माझ्याकडंच बघत होती. पोरीनं मायपासून लपवलं. जसं मी लपवलं तसं.

चहा झाला. निघताना तिच्या मायनं मंगल कार्यालयातून आणलेल्या बुंदीची पुडी माझ्या हातात दिली, लेकरांना न्या म्हणून. माझ्यानं न्हाई म्हणवलं न्हाई. पुडी घेऊन वळले अन् मला माझी माय दिसली, डोक्यावर टोपली, सरांच्या घराकडं चाललेली.

अश्विनी मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. मी म्हणलं, "माझं चुकलं. मला माफ कर."

"इथं नका म्हणू," ती म्हणाली. "ज्यांच्यापुढं बोलल्या त्यांच्यापुढं म्हणा. सगळ्यांपुढं."

"तू येशील?"

"ऐकायला येईन. खेळायला न्हाई."

सोमवारी मैदानात पोरींना गोल बसवलं. या टायमाला मधात मी उभी राह्यले. अश्विनी शाळेच्या ड्रेसमधी आली, सगळ्यांच्या मागं उभी राह्यली. मधात उभं राह्यल्यावर सगळ्यांची तोंडं किती मोठी दिसतात ते मी विसरले होते. मी म्हणलं, अश्विनीच्या मायबद्दल मी बोलले ते घाणेरडं होतं. ते मी तिला दुखवायलाच बोलले, कारण दुखलं की पोरगी पळते असं मला वाटत होतं. तिच्या रेघा पुसल्या ते बी चुकलं. ती टीमला सोडून गेली न्हाई, मी तिला घालवलं. यादीतून नाव कापलं ते मीच. तुमच्यातल्या प्रत्येकीचं काही ना काही मी काढलेलं हाये, मला सगळं आठवतं, अन् तुम्हाला बी आठवत असंल.

जी पोरगी त्या दिवशी हसल्ती ती रडायला लागली. अश्विनी शेवटपर्यंत ऐकत उभी होती. मंग दप्तर खांद्यावर टाकलं अन् गेली.

ती आता अकरावीला हाये. खेळत न्हाई. बाजारात दिसली की "जयभीम मॅडम" म्हणते अन् पुढं जाते. दोन वर्षं खपून घडवलेले ते पाय मी एका वाक्यात मैदानाबाहेर काढले. माफी मागून ते परत येत न्हाईत. हा हिशेब मिटावा असं मला वाटत बी न्हाई.

परवा मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, पोरी ढिल्या पडल्यात. मॅच जवळ आली. जरा तापवा ना पहिल्यासारखं."

मी म्हणलं, "न्हाई."

"हरलो मंग?"

"हरलो तर हरलो. कोणाची माय या मैदानात निघणार न्हाई."

त्या दिवशी सराव संपल्यावर पोरींना थांबवलं अन् सांगितलं, नीट ऐका, हा आपल्या टीमचा पहिला नियम. मैदानात कोणी तुमची माय काढली, जात काढली, अंग काढलं, तर चालू मॅचमधून उठायचं. बोलणारा पंच असो, मुख्याध्यापक असो, पाव्हणा असो. मी असले तर आधी उठायचं. खोची वाट बघायची न्हाई. फाउल माझ्या नावावर लिहायला सांगा.